राक्षसाची बाजू लिहिणारा पटकथाकार

‘अल्ट्रासेव्हन’ ही ‘अल्ट्रामॅन’नंतर आलेली, १९६७-६८ सालची जपानी दूरचित्रवाणी मालिका आजही डिस्कवर विकत मिळते. मालिकेचे भाग एकूण ४९ आहेत, पण संचातले भाग मोजले तर ते ४८च भरतात. अकरावा संपला की थेट तेरावा सुरू होतो आणि मधला बारावा कुठे गेला याचा खुलासा कोणी करत नाही. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अल्ट्रामॅन : रायझिंग’ हा ॲनिमेशनपट आला. तो पाहून ज्यांनी मूळ मालिकांचा शोध घ्यायला सुरुवात केली, त्यांना हा खड्डा हमखास लागतो. लहान मुलांच्या मालिकेचा एक भाग अर्ध्या शतकाहून अधिक काळ कुलुपात का ठेवावा लागतो, या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी तो भाग लिहिणाऱ्या माणसाची ओळख करून घ्यावी लागते.

त्याचे नाव मामोरु सासाकी. जन्म १९३६ चा, इशिकावा प्रांतातला; शिक्षण तोक्योच्या मेइजी विद्यापीठातले; निधन २४ फेब्रुवारी २००६ रोजी. राक्षसांच्या मालिका, बंडखोर चित्रपट, ज्यूदोची क्रीडामालिका, शाळकरी वधूची विनोदी मालिका, बेसबॉलची मांगा आणि आल्प्स पर्वतातल्या हायडीची ॲनिमेशन मालिका या सगळ्यांच्या लेखकांत त्याचे नाव आढळते. एकाच माणसाने हे कसे केले, हे समजण्यासाठी जपानमधल्या लेखनाच्या धंद्याची घडण पाहिली पाहिजे.

चित्र न काढणारा मांगाकार

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. आपल्या मनात मांगाकार म्हणजे चित्रकार असे समीकरण असते आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण जपानमध्ये १९६० च्या दशकात मांगाची साप्ताहिके जोरात चालू लागली, तेव्हा दर आठवड्याला वीसेक पाने काढणाऱ्या चित्रकाराला कथा रचायलाही वेळ काढणे जड जाऊ लागले. त्यातून कथालेखक वेगळा नेमण्याची पद्धत रुळली. या लेखकाच्या कामाला ‘गेन्साकु’ म्हणतात. शब्दशः अर्थ ‘मूळ रचना’. हा लेखक एकही रेघ ओढत नाही. तो प्रसंग आणि संवाद नाटकाच्या संहितेसारखे लिहून देतो, आणि त्याची चौकटींमध्ये विभागणी, कोणता चेहरा मोठा, कोणता क्षण पानभर, हे चित्रकार ठरवतो.

मराठी वाचकाला हे नाते परके वाटू नये. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण प्रसारित होत होते, तेव्हा ग. दि. माडगूळकर गीत लिहीत आणि सुधीर फडके चाल लावत. प्रसारणाची वेळ कोणासाठी थांबत नसे आणि तयार झालेले गाणे नेमके कोणाचे, या प्रश्नाला दोघांचे असे एकच उत्तर होते. मांगातली कथाकार-चित्रकार जोडी अशीच चालते, फक्त वर्षाऐवजी पाच-पाच वर्षे.

ही जोडी नेहमी गोडीगुलाबीत चालते असे मात्र नाही. या पद्धतीतला सर्वांत गाजलेला लेखक इक्की काजिवारा. त्याच्या मुष्टियुद्धावरच्या ‘आशिता नो जो’ या मांगाचा शेवट चित्रकार तेत्सुया चिबाने लेखकाने सुचवलेला बाजूला ठेवून स्वतःच्या कल्पनेने रेखाटला, आणि आज जपानभर लक्षात आहे तो तोच शेवट. काजिवाराच्याच ‘क्योजिन नो होशी’ या बेसबॉलच्या मांगावरून २०१२ मध्ये भारतात ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही ॲनिमेशन मालिका कलर्स वाहिनीवर आली होती. बेसबॉलचे क्रिकेट झाले आणि नायक मुंबईच्या गरीब वस्तीतला मुलगा झाला. चित्रे, खेळ, शहर, नावे सगळे बदलूनही जे शिल्लक राहिले, ते गेन्साकु.

नेमून दिलेल्या चौकटीत

दूरचित्रवाणीचा पटकथाकार याहूनही अधिक बांधलेला असतो. वाहिनीने वार आणि वेळ ठरवलेली असते, प्रायोजकाला जाहिरातींसाठी जागा हवी असते, निर्मितीसंस्थेकडे ठरावीक पैसे असतात आणि नायक कसा असावा हे पहिल्या भागाआधीच ठरून गेलेले असते.

‘अल्ट्रामॅन’ १७ जुलै १९६६ रोजी तोक्योच्या टीबीएस वाहिनीवर सुरू झाली आणि ३९ भाग चालली. निर्मिती त्सुबुराया प्रॉडक्शन्सची. रबरी पोशाखातला नट आणि छोट्या प्रतिकृतींचे शहर वापरून भव्य दृश्याचा भास निर्माण करण्याच्या या पद्धतीला ‘तोकुसात्सु’ म्हणतात, आणि त्यातल्या महाकाय प्राण्याला ‘कैजू’. प्रत्येक भागाचा साचा ठरलेला होता : एक कैजू येणार, पृथ्वीचे रक्षण करणारे पथक धावपळ करणार, पथकातला हायाता हा तरुण अल्ट्रामॅनमध्ये रूपांतरित होणार, आणि पृथ्वीवर त्याची ताकद जेमतेम तीन मिनिटे टिकत असल्याने तेवढ्यात लढाई संपणार. मालिकेचा मुख्य लेखक तेत्सुओ किंजो हा ओकिनावात वाढलेला तरुण होता. इतर लेखकांना या साच्यात भाग लिहून द्यायचे होते.

अशा साच्यात स्वतःचे काही म्हणता येते का? आपल्याकडे याचे उत्तर जुने आहे. एकनाथांच्या भारुडात वरवर विंचू चावलेला असतो, सासूचा त्रास असतो, जोशी दारात आलेला असतो. लोक हसतात, ठेका धरतात, आणि त्याच ठेक्यात दुसरेच काही सांगून होते. तमाशात गण-गवळणीचा क्रम कोणी मोडत नाही, पण बतावणीत गावच्या पाटलाला चिमटा काढायला कोणी अडवतही नाही. सासाकीने कैजूच्या साच्याचा उपयोग असाच केला. लढाई, रूपांतर, तीन मिनिटे, सगळे त्याने ठेवले. फक्त गोष्ट कोणाच्या बाजूने सांगायची, ते बदलले.

जमीला

१८ डिसेंबर १९६६ रोजी ‘अल्ट्रामॅन’चा तेविसावा भाग प्रसारित झाला. शीर्षकाचा अर्थ ‘माझे घर पृथ्वी’. एका आंतरराष्ट्रीय शांतता परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले होऊ लागतात आणि त्यामागे जमीला नावाचा कैजू असल्याचे कळते. मग उलगडा होतो की हा प्राणी परग्रहावरून आलेला नाही. तो माणूस आहे. अंतराळ-स्पर्धेच्या घाईत कुठल्यातरी देशाने पाठवलेला हा अंतराळवीर पाणी नसलेल्या ग्रहावर अडकला, आपले अपयश झाकण्यासाठी त्या देशाने त्याचा पत्ताच जगाला लागू दिला नाही, आणि त्या कोरड्या ग्रहावर जगता जगता त्याचे शरीर बदलून गेले. तो परत आला आहे तो सूड घ्यायला.

पथकाच्या वरिष्ठांकडून आदेश येतो : त्याची ओळख गुप्त ठेवा आणि कैजू म्हणूनच त्याला मारा. पथकातला इदे हा एरवी विनोदी असलेला सदस्य हत्यार टाकून देतो. पण साचा मोडता येत नाही. भाग संपायला हवा. अल्ट्रामॅन येतो आणि ज्या पाण्यासाठी जमीला तिथे तळमळला, त्याच पाण्याच्या फवाऱ्याने त्याला मारतो. चिखलात लोळत, परिषदेच्या इमारतीसमोर मांडलेल्या राष्ट्रध्वजांकडे सरपटत तो प्राण सोडतो. नंतर त्याच्यासाठी एक फलक उभारला जातो, त्यावर विज्ञानाच्या प्रगतीसाठी प्राण देणाऱ्या वीराचा गौरव कोरलेला असतो. तो वाचून इदे म्हणतो की बळी गेलेल्यांचे नेहमी असेच होते, शब्द तेवढे सुंदर असतात.

रविवारी संध्याकाळी सात वाजता, जेवणाच्या वेळी, हे सात-आठ वर्षांची मुले पाहत होती.

नावाकडेही लक्ष द्यावे. अल्जीरियाच्या फ्रान्सविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यात पकडली गेलेली आणि जगभर गाजलेली एक तरुणी होती, तिच्या नावावरून हे नाव घेतलेले आहे. जमीला म्हणजे सुंदर. उर्दू कानावर असलेल्या मराठी वाचकाला ते सांगावेही लागणार नाही. जपानी मुलांना त्या नावाचा काही अर्थ लागला नसेल. लेखकाने मात्र कैजूच्या यादीत एक बंडखोर हळूच नोंदवून ठेवला होता.

ज्याला लढायचेच नाही

जमीलाचा भाग इतका गाजला की सासाकीच्या इतर भागांकडे थोडे दुर्लक्ष होते. माझ्या मते त्याची खरी हातोटी तिथे अधिक दिसते, कारण तिथे तो रडवत नाही.

पंधराव्या भागात मुलांनी सिमेंटच्या पाइपावर खडूने काढलेले चित्र अंतराळातून आलेल्या किरणांमुळे जिवंत होते. गावादोन नावाचा हा कैजू काहीच करत नाही. झोपतो आणि घोरतो. पण तो आडवा पडलेला असल्याने वाहतूक अडते, घोरण्याने कामधंदे खोळंबतात आणि सरकारला कारवाई करावीच लागते. अल्ट्रामॅन आला की मुले टाळ्या वाजवतात हा मालिकेचा रिवाज. इथे मुले त्याला ओरडून सांगतात की तू परत जा. चौतिसाव्या भागातला स्कायदोन आकाशातून पडतो आणि त्याचा गुन्हा एवढाच असतो की तो फार जड आहे, दोन लाख टन. त्याला परत वर पाठवण्याचे एकामागून एक उपाय फसतात. याच भागात हायाता जेवणाच्या ताटावरून घाईत उठतो आणि रूपांतराच्या उपकरणाऐवजी हातातला चमचा आकाशाकडे उंचावतो. जपानमध्ये हा चमचा आजही विनोदाचा विषय आहे.

पस्तिसाव्या भागात तर आजवर मारलेल्या कैजूंसाठी पथक रीतसर श्राद्धविधी करते. अंतराळातल्या कैजूंच्या स्मशानातून चुकून खाली आलेला सीबोझु एका उंच इमारतीवर चढून आकाशाकडे पाहत राहतो. त्याला फक्त परत जायचे आहे. अल्ट्रामॅनला त्याच्याशी लढता येत नाही, कारण तो लढतच नाही. मग हट्टी मुलाला शाळेत पोचवावे तसे ओढत-ढकलत त्याला अग्निबाणापर्यंत न्यावे लागते. नायकाचे कर्तव्य म्हणजे मारणे, हे गृहीतक कोणतेही भाषण न देता इथे निकालात निघते.

‘पण हे श्रेय दिग्दर्शकाचे नव्हे का?’

हा आक्षेप रास्त आहे. वर सांगितलेले सगळे भाग अकियो जिस्सोजी या दिग्दर्शकाचे आहेत. ‘अल्ट्रामॅन’चे त्याने केलेले सहाही भाग सासाकीने लिहिले होते. तिरके कॅमेराकोन, अंधारात अर्धे बुडालेले चेहरे, अनपेक्षित शांतता ही जिस्सोजीची ओळख होती आणि त्याशिवाय हे भाग असे दिसले नसते.

पण लेखकाचा वाटा ओळखण्याची एक साधी युक्ती आहे : दिग्दर्शक बदलला तरी काय टिकते ते पाहायचे. सासाकी नागिसा ओशिमा या दिग्दर्शकाच्या गटातही होता. ओशिमाच्या १९६८ सालच्या ‘कोशिकेई’ या चित्रपटाच्या चार लेखकांपैकी तो एक. त्या चित्रपटात ‘आर’ एवढेच नाव असलेल्या एका कोरियन तरुणाला फाशी दिली जाते, पण तो मरत नाही आणि स्वतः कोण हे विसरतो. ज्याला स्वतःचा गुन्हा आठवत नाही त्याला पुन्हा फाशी देता येत नाही, म्हणून तुरुंगाचे अधिकारी त्याला गुन्हेगार असल्याची आठवण करून देण्यासाठी त्याचा गुन्हा त्याच्यासमोर नाटकासारखा करून दाखवू लागतात. माणसाला आधी राक्षस ठरवायचे आणि मग मारायचे; जमीलाचीच गोष्ट, फक्त रबरी पोशाखाशिवाय.

१९६९ मध्ये सासाकी एका विलक्षण माहितीपटात सहभागी झाला. आदल्या वर्षी चौघांना गोळ्या घालणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलावरचा हा चित्रपट मासाओ आदाची आणि इतरांबरोबर केलेला होता, आणि त्यात तो मुलगा दिसतच नाही. दिसतात ती फक्त त्याने आयुष्यात पाहिली असतील अशी गावे, स्थानके, रस्ते. आणि १९७२ च्या ‘आयर्न किंग’ या तोकुसात्सु मालिकेचे सव्वीसच्या सव्वीस भाग सासाकीने एकट्याने लिहिले. त्यात पहिला शत्रू आहे शिरानुई कुळ. दोन हजार वर्षांपूर्वी यामातोच्या राजसत्तेने, म्हणजे आजच्या जपानी राज्याच्या पूर्वजांनी, ज्यांची भूमी बळकावली त्यांचे हे वंशज, आणि ते आता आपले राज्य परत मागत आहेत. मुलांच्या मालिकेत खलनायकाची मागणी इतकी सकारण क्वचितच असते. गंमत म्हणजे नायक आयर्न किंगही दुबळा आहे. पाण्यावर चालणारी त्याची शक्ती मिनिटभरात संपते आणि बऱ्याचदा एका साध्या माणसालाच त्याची सुटका करावी लागते.

धागा लेखकाचाच आहे, असे मानायला एवढे पुरेसे वाटते.

१९७० : एका माणसाची चार दुकाने

इथवर वाचून सासाकी हा कायम मुठी आवळलेला क्रांतिकारक लेखक होता असे वाटण्याचा धोका आहे. त्याच्या १९७० सालच्या कामावर नजर टाकली की तो दूर होतो.

त्या वर्षी काजिवाराच्या मांगावर बेतलेली ‘ज्यूदो इच्चोकुसेन’ ही मालिका चालू होती आणि तिच्या प्रमुख लेखकांत सासाकी होता. यात एक देखणा प्रतिस्पर्धी उडी मारून पियानोवर चढतो आणि पायांनी पट्ट्या दाबत गाणे वाजवतो. हे दृश्य जपानी दूरचित्रवाणीच्या आठवणींमध्ये अढळ आहे आणि त्यात वास्तववादाचा अंशही नाही. सप्टेंबरमध्ये ‘ओकुसामा वा जुहास्साई’ सुरू झाली. मुलींसाठीच्या एका मांगावरून घेतलेली ही विनोदी मालिका. नायिका आहे शाळेत शिकणारी अठरा वर्षांची मुलगी, जिचे लग्न त्याच शाळेतल्या शिक्षकाशी झालेले आहे आणि ते सगळ्यांपासून लपवायचे आहे. ती कमालीची लोकप्रिय झाली.

त्याच सुमारास ओसाकाच्या एबीसी वाहिनीसाठी त्याने ‘ओनिमोत्सु कोनिमोत्सु’ लिहिली. मालवाहतुकीचा धंदा करणारे, फक्त पुरुषांचे, बायकांना तुच्छ लेखणारे एक घर. तिथे ओकिनावाहून एक मुलगी मोलकरीण म्हणून येते, आणि ती आलेली असते आपल्या मृत बहिणीचा हिशेब चुकता करायला. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होते. ते जपानकडे परत आले १९७२ मध्ये. घर म्हणजे जपान आणि मोलकरीण म्हणजे ओकिनावा, हे प्रेक्षकाला कळण्यासारखे होते. शिवाय नट मध्येच भूमिका सोडून कॅमेऱ्याकडे पाहून बोलत, सेटच्या भिंती खोट्या असल्याचे उघड केले जाई. या प्रकाराला तिकडे ‘नाटकाबाहेर पडलेले नाटक’ अशा अर्थाचे नाव मिळाले. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या पर्वात उत्तरेकडच्या आइनु या आदिवासी समाजाचा विषय आला. ध्वनिचित्रफिती त्या काळी महाग असत आणि पुसून पुन्हा वापरल्या जात, त्यामुळे या मालिकेचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत.

आणि चौथे दुकान मांगाचे. ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात १९७० मध्ये ‘ओतोको दोआहो कोशिएन’ सुरू झाली. कथा सासाकीची, चित्रे शिंजी मिझुशिमाची. दोआहो म्हणजे ओसाकाकडच्या बोलीत ठार वेडा. कोशिएन हे बेसबॉलचे मैदान आहे, जिथे जपानमधल्या शाळांची राष्ट्रीय स्पर्धा भरते. मुंबईतल्या शाळकरी मुलाला हॅरिस शील्डबद्दल जे वाटते, ते देशभरच्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना एकत्र वाटले तर कोशिएनची कल्पना येईल. नायकाचे नावच कोशिएन आहे, आणि गोलंदाजीच्या भाषेत सांगायचे तर तो फक्त सरळ आणि वेगवान चेंडू टाकतो. फिरवणे, चकवणे त्याला मान्य नाही. पुढे हा वेडा तोक्यो विद्यापीठात प्रवेश मिळवतो आणि शेवटी हानशिन टायगर्स या संघात जातो. ही मांगा १९७५ पर्यंत चालली आणि तिला १९७३ चा शोगाकुकान मांगा पुरस्कार मिळाला. मिझुशिमा यानंतर बेसबॉलच्या मांगांचा अनभिषिक्त राजा झाला.

या बेसबॉलच्या कथेत दडपलेल्यांचा आवाज शोधण्याचा मोह काही समीक्षकांना होतो. मला तो अनाठायी वाटतो. सुतार देव्हाराही करतो आणि पाटही करतो. पाटात देव शोधू नये. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांसाठी वेगवेगळे काम चोख करून देणे हा त्याच्या धंद्याचा भाग होता आणि त्या चोख कामामुळेच निर्माते त्याला ‘ओनिमोत्सु’सारखा धोका पत्करू देत होते. पुढे १९७४ मध्ये इसाओ ताकाहाताने दिग्दर्शित केलेल्या ‘आल्प्सची मुलगी हायडी’ या ५२ भागांच्या ॲनिमेशन मालिकेच्या पटकथाकारांतही त्याचे नाव आहे, आणि तिथे ना कैजू आहे ना क्रांती.

आता तो बारावा भाग

१७ डिसेंबर १९६७ रोजी ‘अल्ट्रासेव्हन’चा बारावा भाग प्रसारित झाला. लेखक सासाकी, दिग्दर्शक जिस्सोजी. स्पेल या ग्रहावर अणुबाँबसारख्या अस्त्राच्या चाचणीमुळे तिथल्या रहिवाशांचे रक्त दूषित झालेले असते. शुद्ध रक्तासाठी ते पृथ्वीवर येतात आणि मनगटी घड्याळांतून माणसांचे रक्त गोळा करू लागतात. त्यातला एक माणसाच्या रूपात एका तरुणीच्या प्रेमात असतो, निदान तिला तसे वाटत असते. सगळे उघडकीला आल्यावरही ती म्हणते की कधीतरी पृथ्वीवरची आणि इतर ग्रहांवरची माणसे एकमेकांवर विश्वास ठेवू शकतील. हे ऐकणारा नायक स्वतःच परग्रहावरचा आहे, हे तिला ठाऊक नाही.

अणुचाचण्यांच्या विरोधातली ही कथा. मग अडचण काय झाली? दिग्दर्शकाच्या सूचनेवरून स्पेल ग्रहवासीयांच्या पांढऱ्या अंगावर भाजल्यानंतर उठतात तसे व्रण दाखवले होते. प्रसारणाच्या वेळी त्यावर वाद झाला नाही. पण १९७० च्या शरद ऋतूत मुलांच्या एका मासिकाबरोबर कैजूंची पत्ते-चित्रे वाटली गेली आणि त्यातल्या एका पत्त्यावर या प्राण्याचे वर्णन ‘हिबाकु सेइजिन’ असे छापलेले होते. ‘हिबाकुशा’ म्हणजे हिरोशिमा आणि नागासाकीच्या बाँबहल्ल्यांतून वाचलेले लोक; पत्त्यावरच्या शब्दाचा अर्थ झाला ‘किरणोत्सर्गग्रस्त परग्रहवासी’. तोक्योतल्या एका शाळकरी मुलीने ते पाहिले, तिच्या वडिलांनी मासिकाला पत्र लिहिले, वर्तमानपत्रांत बातमी आली आणि हिबाकुशांच्या संघटनांनी निषेध केला. निर्मितीसंस्थेने तो भाग मागे घेतला. तेव्हापासून जपानमध्ये तो ना पुन्हा प्रसारित झाला, ना डिस्कवर आला.

‘शब्द लेखकाचा नव्हता, मग शिक्षा भागाला का?’

‘हिबाकु सेइजिन’ हा शब्द त्या भागात एकदाही येत नाही. तो नंतर, मुलांसाठीच्या छापील मजकुरातून आला. त्यामुळे सासाकीच्या चाहत्यांना हा निर्णय अन्यायाचा वाटतो, आणि कथा युद्धविरोधी असल्याचा दाखला ते देतात.

दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे. बाँबहल्ल्यातून वाचलेल्यांना लग्न जमवताना, नोकरी शोधताना अनेक वर्षे भेदभाव सोसावा लागला होता; त्यांच्या रक्तात दोष आहे, तो मुलांत उतरेल, ही भीती समाजात होती. अशा समाजात अंगावर व्रण असलेला, दूषित रक्ताचा आणि दुसऱ्याच्या मुलांचे रक्त चोरणारा प्राणी दाखवला, तर लेखकाचा हेतू कितीही चांगला असला तरी पाहणाऱ्या मुलाच्या मनात कोणते चित्र राहील? शब्द नंतर आला हे खरे, पण तो शब्द चिकटेल अशी जागा चित्रात आधीच तयार होती. आणि इथे एक बोचरी गोष्ट आहे. आयुष्यभर राक्षस ठरवल्या गेलेल्याची बाजू घेणाऱ्या लेखकाच्या कथेतून, ज्यांची बाजू घ्यायची तेच राक्षसाच्या जागी उभे राहिले.

याचे कारण पुन्हा कामाच्या घडणीतच आहे. संहिता सासाकीची, व्रणांची सूचना जिस्सोजीची, पोशाख कारागिरांचा, पत्त्यावरचे दोन शब्द कुठल्यातरी संपादकाचे. मांगाच्या जोडीत निदान दोघे एकमेकांसमोर बसतात. दूरचित्रवाणीत संहिता हातातून सुटली की ती इतक्या हातांतून जाते की शेवटी जे दिसते त्यावर लिहिणाऱ्याचा ताबा उरत नाही, नाव मात्र उरते. भाग कायमचा दडवून ठेवण्यापेक्षा त्याची सगळी हकिकत सोबत देऊन तो प्रौढांना पाहू द्यावा, असे माझे मत आहे. पण ज्यांना त्या पत्त्याने दुखावले त्यांना ते सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा अधिक आहे, हेही मान्य करावे लागते.

गावादोनच्या भागाचा शेवट मात्र कुठल्याही वादाशिवाय आजही पाहायला मिळतो. अल्ट्रामॅन त्या झोपाळू कैजूला मारत नाही, आकाशात नेऊन त्याचे नक्षत्र करतो, आणि मुलांना सांगतो की दरवर्षी ७ जुलैला तो तुम्हाला दिसेल. जपानमध्ये तो ताराभेटीचा सण, तानाबाता. मुले मान वर करून बघत असतात आणि त्यांतला एक जण विचारतो, त्या रात्री पाऊस पडला तर?